सूर्यास्ताला उतरणारी जादू

पत्र: माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. गेलं दीड वर्ष तो जादूगार, ड्रॅगन, गुप्त दारं याखेरीज दुसरं काही वाचत नाही. हॅरी पॉटरचे सातही भाग त्याचे तीनदा वाचून झालेत आणि आता चौथी फेरी सुरू आहे. आजोबा म्हणतात, "असल्या खोट्या गोष्टींनी पोराचं डोकं भलतीकडे जाईल." वर्गशिक्षिका म्हणतात, माहितीपर पुस्तकं द्या. मधे चार-पाच रात्री तो दिवा लावून झोपला. त्यात आता सहा वर्षांच्या धाकटीलाही "दादाचंच पुस्तक" हवंय. हे वाचन बंद करू, कमी करू, की चालू देऊ? – एक आई

उत्तर: चालू द्या. वाचन कमी करण्याचंही कारण दिसत नाही. फक्त तुमच्या पत्रात चार-पाच वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत, ते सुटे करून घेऊ.

आधी आजोबांचा. 'खोटं' या शब्दावर वाद घालू नका. गोष्ट खोटी आहे हे मुलाला ठाऊक आहे. तीन-चार वर्षांचं मूलसुद्धा खेळातला चहा आणि खरा चहा यांत गल्लत करत नाही, दहा वर्षांच्या मुलाची तर बातच नको. पाहायचं ते हे, की या खोट्या जगातून त्याच्या हाती काय लागतं.

चांगल्या जादूकथेत जादूपेक्षा जादूची अट मोठी असते. ई. नेस्बिट या इंग्रज लेखिकेचं १९०२ सालचं 'फाइव्ह चिल्ड्रन अँड इट' घ्या. पाच भावंडांना वाळूच्या खाणीत एक चिडखोर प्राणी सापडतो. तो रोज एक इच्छा पुरी करतो, पण सूर्य मावळला की जादू उतरते. मुलं पहिल्या दिवशी मागतात, आम्हाला अतिशय सुंदर कर. होतात सुंदर. मग त्यांचं तान्हं भावंडच त्यांना ओळखत नाही आणि भोकाड पसरतं. घरची दाई 'ही कुठली परकी पोरं' म्हणून दार लावून घेते. दिवसभर उपाशी राहून थोरली चौघं सूर्य मावळायची वाट बघत बसतात. दुसऱ्या खेपेला सोनं मागतात, तर नाणी निघतात जुन्या काळची. दुकानदार ती घेत नाहीत, उलट एवढी नाणी या पोरांकडे आली कुठून म्हणून संशय येतो. पुढे पंख मागतात आणि नेमके चर्चच्या मनोऱ्यावर असताना सूर्यास्त होतो.

हे वाचताना मूल काय करतं ते बघा. पान उलटायच्या आतच ते मनात हिशेब मांडतं: अट अशी आहे, यांनी मागितलं हे, मग घोटाळा कुठे होईल? गणिताच्या पुस्तकात 'समजा' हा शब्द येतो, तेच काम इथे चाललेलं असतं. समजा इच्छा सूर्यास्ताला संपते. समजा एखाद्याचं खरं नाव कळलं की त्याच्यावर ताबा मिळतो. उर्सुला ले ग्विन यांच्या १९६८ च्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'त नेमका हा नियम आहे. तिथला तरुण जादूगार ऐन गर्वाच्या भरात नको ती शक्ती मोकळी सोडतो आणि पुढे ती त्याच्या मागे लागते. गृहीत धरलेल्या नियमातून परिणाम काढत जाणं, हा सराव या प्रकारच्या पुस्तकांत जितका होतो तितका बालसाहित्यात इतरत्र क्वचितच होतो.

तेव्हा नवं पुस्तक निवडताना मुखपृष्ठ आणि 'लाखो प्रती खपल्या'चं बिरुद बाजूला ठेवा. मधलं एक प्रकरण काढा, ज्यात नायक कोंडीत सापडलाय असं. तो त्यातून कसा सुटतो ते वाचा. आधी सांगितलेल्या नियमातून, मित्राच्या मदतीनं, काहीतरी गमावून सुटत असेल, तर पुस्तक घ्या. अडचण आली की नवा मंत्र, पुन्हा अडली की आणखी ताकदीचा मंत्र, आणि प्रत्येक वेळी नायक 'जन्मतःच निवडलेला' म्हणून जिंकतो, असं असेल तर ते पुस्तक कितीही जाड असलं तरी पोकळ आहे. मुलालाही हे कळतं. फक्त 'कंटाळा आला' असं तो म्हणतो, कारण सांगता येत नाही.

आता एक सावधगिरीची गोष्ट. या पुस्तकांच्या बाजूनं बोलणारे लोक संशोधनाचे दाखले फार ढिसाळपणे देतात. 'जादूच्या कथांनी सर्जनशीलता वाढते' असं सांगताना २०१० चा एक ब्रिटिश प्रयोग पुढे केला जातो. त्यात चार आणि सहा वर्षांच्या मुलांना हॅरी पॉटर चित्रपटाचे तुकडे दाखवले होते. एका गटाला जादूचे प्रसंग, दुसऱ्याला त्याच चित्रपटातले बिनजादूचे. जादूवाल्या गटाची कल्पकता लगेच घेतलेल्या चाचणीत जास्त दिसली. उत्साहवर्धक आहे, पण तो प्रयोग पुस्तकाचा नव्हता आणि चाचणी त्याच वेळची होती.

त्याहून उपयोगी आहे तो इटलीतल्या पाचवीच्या मुलांवरचा, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास. सहा आठवडे मुलं छोट्या गटात हॅरी पॉटरमधले उतारे वाचत आणि त्यावर बोलत. एका गटाच्या वाट्याला हीन-उच्च भेदाचे प्रसंग होते, म्हणजे 'अशुद्ध रक्ताची' म्हणून हर्मायनीला हिणवलं जातं तसे. दुसऱ्या गटाला हॅरी छडी विकत घेतो असे साधे प्रसंग दिले होते. शेवटी पहिल्या गटातल्या मुलांचा परदेशातून आलेल्या लोकांकडे पाहण्याचा दृष्टिकोन निवळलेला आढळला, पण सगळ्यांचा नाही. ज्यांना हॅरी आपलासा वाटत होता त्यांचाच. गट लहान होता, चौतीस मुलांचा, म्हणून त्यावर इमले बांधू नयेत. पण घरी उचलण्याजोगी एक गोष्ट त्यात आहे: उतारा वाचून कुणीतरी त्यावर बोललं होतं. नुसत्या वाचनानं इतकं झालं असतं की नाही, ते त्या अभ्यासातून सांगता येत नाही.

उलट बाजूचाही एक दाखला देतो. टोरंटोच्या संशोधकांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांना 'वाटून घ्यावं' या बोधाची गोष्ट वाचून दाखवली. काहींना माणसं असलेली, काहींना तीच गोष्ट कपडे घालून बोलणाऱ्या प्राण्यांची. नंतर मुलांना स्टिकर दिले, तेव्हा ते दुसऱ्यांसाठी जास्त सोडले माणसांची गोष्ट ऐकणाऱ्यांनी. तेव्हा जादूकथेचा वापर बोधाची गोळी गुळात घालून देण्यासाठी करू नका. त्या कामाला वास्तव गोष्टच बरी.

मग 'लोकप्रिय' असण्याचा फायदा काय? पहिला अगदी साधा, पानांच्या संख्येचा. वाचनाचा वेग आणि शब्दसंपत्ती पानांच्या रेट्यानं वाढते, आणि मूल पाच-सातशे पानं आपणहून वाचेल असं दुसरं फारसं काही नाही. आकडे पाहा. हॅरी पॉटरचा पहिला भाग मूळ इंग्रजीत सुमारे ७७,००० शब्दांचा, पाचवा सुमारे २,५७,००० शब्दांचा, म्हणजे तिपटीहून मोठा. कुठल्याही शिक्षकानं दहा वर्षांच्या मुलाला अडीच लाख शब्द वाचायला सांगून पाहावेत! दुसरा फायदा सोबतीचा. वर्गातल्या आणखी चौघांनी तेच वाचलेलं असतं, मग मधल्या सुट्टीत 'तो फितूर होता हे तुला आधी कळलं होतं का' असा वाद रंगतो. पुस्तकावर पुरावे देत वाद घालणं हे साहित्याच्या तासाला मोठ्या कष्टानं शिकवावं लागतं.

लोकप्रिय मालिकेचा तोटाही तिथेच आहे. पहिल्या भागात नायक अकरा वर्षांचा, सातव्यात सतरा वर्षांचा, आणि पुस्तकं त्याच्याबरोबर वयात येतात. १९९७ ते २००७ अशी दहा वर्षं ती निघत होती, त्यामुळे त्या काळचे वाचक भागागणिक मोठे होत गेले. आजच्या मुलासमोर सातही भाग एका फळीवर असतात आणि ती तो दोन महिन्यांत संपवतो. दोन भागांमधली वाट पाहणी गेली, ती आता घरच्यांना घालावी लागते. चौथा भाग हा उंबरठा आहे. तो आधीच्या भागापेक्षा जवळजवळ दुप्पट लांब आहे, आणि त्याच्या शेवटी एका निरपराध मुलाचा मृत्यू वाचकासमोर होतो. तिथून पुढे कथा काळवंडत जाते. तुमच्या मुलानं ते ओलांडलंय, आता मागे ओढण्यात अर्थ नाही. धाकटीच्या बाबतीत मात्र ही गाठ पक्की बांधा: पहिले तीन झाले की निदान वर्षभर थांबायचं.

चौथ्यांदा वाचतोय याची चिंता करू नका, आधी तपासा. पहिल्या फेरीत मूल 'पुढे काय' यासाठी धावतं. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत पेरलेल्या खुणा दिसू लागतात, म्हणजे ज्या गोष्टीचा उलगडा शेवटी झाला तिचा धागा दुसऱ्याच प्रकरणात होता वगैरे. त्याला विचारा, "या वेळी असं काय दिसलं जे आधी दिसलं नव्हतं?" तो तावातावानं सांगू लागला तर वाचन जिवंत आहे. पण तो फक्त ठराविक प्रसंगच उघडून वाचत असेल, नवीन पुस्तक हातात दिलं की पहिल्या दहा पानांतच मिटत असेल, आणि हे शाळेत किंवा मित्रांत काही बिनसलं त्याच सुमारास सुरू झालं असेल, तर पुस्तक त्याच्यासाठी पांघरूण झालंय. तेही वाईट नाही. फक्त पुस्तक काढून घेऊ नका, बिनसलंय काय ते शोधा.

रात्रीच्या दिव्याबद्दल. १९९१ मध्ये एक प्रयोग झाला होता. मुलांना रिकामी खोकी उघडून दाखवली, बंद केली आणि सांगितलं, समजा यात एक राक्षस आहे. आत काही नाही हे मुलांनी मान्य केलं. पण प्रयोग घेणारी व्यक्ती खोलीबाहेर जायला निघाली, तेव्हा चार वर्षांच्या काही मुलांनी तिला जाऊच दिलं नाही. राक्षस खोटा आहे हे माहीत असणं आणि त्याची भीती वाटणं, दोन्ही एकाच डोक्यात सुखानं नांदतात. मोठ्यांचंही असंच असतं. म्हणून "अरे, खरं असतं का ते?" हे वाक्य निरुपयोगी आहे. त्याला ते माहीत आहे.

चालतं काय ते सांगतो. प्रकरणाच्या शेवटी पुस्तक मिटायची सवय मोडा. या पुस्तकांची प्रकरणं मुद्दाम टांगत्या प्रसंगावर तोडलेली असतात, म्हणजे झोपेच्या वेळी मूल नेमकं सगळ्यात भीतीच्या जागी उभं राहतं. प्रकरण संपवून पुढच्याची दोन-तीन पानं वाचायची, संकटाचा पहिला झटका ओसरला की खूण घालायची. याखेरीज चौथ्या भागापासूनची पुस्तकं झोपायच्या तासाभरात नकोत, ती संध्याकाळची. आणि भीती नाव घेऊन बोलायला लावा, पण नियमाच्या अंगानं: "त्या काळ्या झग्यातल्या प्राण्याला काय जमत नाही? त्याला कशानं पळवतात?" भीतीला मर्यादा आहे हे मूल स्वतःच्या तोंडून सांगतं, तेव्हा अर्धी ओसरते. गंमत म्हणजे ही युक्ती मालिकेच्या तिसऱ्या भागातच आहे. कपाटात लपलेला एक प्राणी समोरच्याला ज्याची सगळ्यात जास्त भीती त्याचं रूप घेतो, आणि त्यावर तोडगा म्हणजे त्याला हास्यास्पद रूपात डोळ्यांसमोर आणणं. एक भित्रा मुलगा आपल्या कर्दनकाळ मास्तरांना आजीचे कपडे चढवतो. तुमच्या मुलाला ज्याची भीती वाटते त्याचं असंच एक चित्र काढायला सांगा. चित्र जितकं वेडंवाकडं तितकं चांगलं. दोन-तीन आठवडे हे करूनही झोप उडत असेल, किंवा दिवसाही तो एकटा खोलीत जायला तयार नसेल, तर कारण पुस्तकाबाहेर आहे असं धरा आणि डॉक्टरांशी बोला.

धाकटीला दादाचं पुस्तक हातात देऊ नका, वाचून दाखवा, तेही कदाचित वर्षभरानंतर. सहाव्या वर्षी कान डोळ्यांच्या बरेच पुढे असतात. स्वतः वाचताना जे झेपत नाही, ते ऐकताना सहज झेपतं. फक्त लांबी सांभाळा. पॉटरचा पहिला भाग आणि सी. एस. लुईस यांच्या नार्निया मालिकेतलं 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' (१९५०) या दोन्हींत सतरा-सतराच प्रकरणं आहेत. पण पहिल्याचं एक प्रकरण सरासरी साडेचार हजार शब्दांचं, म्हणजे मोठ्यानं वाचायला अर्धा तास. दुसऱ्याचं त्याच्या निम्मं, पंधरा-सोळा मिनिटांचं. सहा वर्षांच्या मुलीला रोजची पंधरा मिनिटं बरोबर पुरतात. अर्ध्या तासात शेवटची दहा मिनिटं ती चुळबुळते, आणि मग 'हिला पुस्तकात रस नाही' असा उगाच निष्कर्ष निघतो. हे आकडे मूळ इंग्रजीचे आहेत. मराठी अनुवाद वाचणार असाल तर एक प्रकरण घड्याळ लावून वाचून पाहा आणि त्यावरून रोजचा वाटा ठरवा.

नार्निया घ्याल तर क्रमाबद्दल एक सूचना. बऱ्याच आवृत्त्यांवर 'द मॅजिशियन्स नेफ्यू'वर '१' हा आकडा छापलेला असतो, कारण त्यातल्या घटना आधीच्या आहेत. ते प्रसिद्ध झालं १९५५ मध्ये, सहावं. ते आधी वाचलं तर कपाटातून दुसऱ्या जगात वाट कशी, जंगलात मधेच दिव्याचा खांब कसा, या कोड्यांची उत्तरं प्रश्न पडायच्या आतच मिळतात. आमचा कौल प्रसिद्धीच्या क्रमाला.

'ॲलिस इन वंडरलँड' (१८६५) मात्र सहाव्या वर्षासाठी लोक घाईनं घेतात. प्रकरणं बाराच, पुस्तक लहान, पण विनोद निम्मा शब्दांच्या कोट्यांत आहे, आणि ज्या कवितांची तिथे टर उडवली आहे त्यांतल्या बहुतेक मूळ कविता आज कुणाला पाठ नाहीत. नऊ-दहाव्या वर्षी बरं. टॉल्किन यांच्या 'द हॉबिट'ची तर गंमतच आहे. १९३६ मध्ये प्रकाशकानं हस्तलिखित आपल्या दहा वर्षांच्या मुलाला वाचायला दिलं. त्यानं एक शिलिंग मेहनतान्यावर लेखी अभिप्राय दिला, की हे पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आवडेल. दहा वर्षांच्या मुलाला आपल्याहून लहानांसाठीच सगळं वाटतं! प्रत्यक्षात ते मोठ्यानं वाचून दाखवायला सात-आठव्या वर्षापासून आणि एकट्यानं वाचायला दहाच्या पुढे ठीक. तुमच्या मुलाला पॉटरनंतर हेच द्या. ड्रॅगन आहे, कोडी आहेत, आणि नायक निवडलेला वगैरे नसून घरकोंबडा आहे.

मूळ इंग्रजी की मराठी? ज्या भाषेत मूल न अडखळता वाचतं, ती. पानावर पाचांहून जास्त शब्द अडले तर ते पुस्तक एकट्यानं वाचायला अवघड, सोबतीनं वाचायला चालेल. अनुवादात काही गोष्टी हरवतात, काही मिळतात. खलनायकाच्या पूर्ण नावातली अक्षरं उलटसुलट लावली की त्याचं दुसरं नाव तयार होतं, ही दुसऱ्या भागातली करामत जपण्यासाठी फ्रेंच अनुवादकानं त्याचं मधलं नाव चक्क एल्विस करून टाकलं. उलट मराठीत पहिल्या भागाचं नाव 'हॅरी पॉटर आणि परीस' आहे. लोखंडाचं सोनं करणाऱ्या त्या दगडासाठी आपल्याकडे शब्द तयारच होता. चित्रपट पाहायचेच असतील तर पुस्तकानंतर. आधी पाहिले की मुलाच्या डोळ्यांसमोर नटाचा चेहरा बसतो आणि स्वतः चेहरा उभा करायचं काम उरत नाही.

वर्गशिक्षिकांचं म्हणणं बरोबर आहे, फक्त माहितीपर पुस्तक कादंबरीच्या जागी आणू नका, कादंबरीच्या दारातून आणा. पॉटरमधला सिरियस ब्लॅक काळ्या कुत्र्याचं रूप का घेतो? कारण सिरियस हा आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा, पाश्चात्त्यांच्या 'मोठा कुत्रा' या तारकासमूहातला. आपण त्याला व्याध म्हणतो. त्याच्या भावाचं नाव रेग्युलस, म्हणजे मघा. मालिकेतल्या बेलाट्रिक्सच्या नावाचा तारा मृग नक्षत्रात आहे, व्याधापासून फार दूर नाही. एका रात्री हे तारे दाखवा आणि दुसऱ्या दिवशी आकाशाचं पुस्तक टेबलावर पडू द्या, 'वाच' म्हणू नका. पहिल्या भागात ज्याचं नाव येतं तो निकोलस फ्लामेल हा पॅरिसमध्ये खराखुरा होऊन गेलेला लेखनिक, १४१८ मध्ये वारला. किमयागार ही ख्याती त्याला मरणानंतर चिकटली. तिथून किमया आणि रसायनशास्त्र. पुस्तकात किंचाळणारी मॅन्ड्रेक ही खरी वनस्पती आहे, माणसासारख्या दिसणाऱ्या मुळाची आणि विषारी, किंचाळत मात्र नाही. बेझोअर हा बकऱ्यांसारख्या प्राण्यांच्या पोटात सापडणारा खडा, जुन्या काळी लोक त्याला विषावरचा उतारा समजत. यातल्या प्रत्येकावर 'पुस्तकात काय म्हटलंय आणि खरं काय' अशी दोन रकान्यांची वही त्याला घालून द्या. शिक्षिकांना ती दाखवली तर त्यांचीही तक्रार राहणार नाही.

या पुस्तकांत खोट नाही असं मुळीच नाही. दुष्ट माणूस कुरूप किंवा लठ्ठ दाखवायची खोड जुन्या-नव्या दोन्हींत आहे. नार्नियाच्या 'द हॉर्स अँड हिज बॉय'मध्ये (१९५४) दक्षिणेकडच्या पागोटेवाल्या लोकांचं चित्रण आज खटकतं. रोआल्ड डालच्या चॉकलेट कारखान्यातल्या बुटक्या कामगारांचं १९६४ चं वर्णन आक्षेपांनंतर १९७३ च्या आवृत्तीत बदलावं लागलं. अशा पानांवर पुस्तक लपवू नका, थांबून एवढंच विचारा: "याला वाईट दाखवायला लेखकानं जाडा का केला असेल?" एकदाच. दर पानाला विचारलंत तर पुढच्या वेळी तो तुमच्यासमोर पुस्तकच उघडणार नाही. प्रश्नांचं प्रमाण आम्ही दिवसाला एक असं ठेवू, त्याहून जास्त म्हणजे परीक्षा.

आणि त्याला स्वतःचं जग करायला द्या, म्हणजे चौथ्या फेरीची ऊर्जा कुठेतरी लागेल. मोठा कोरा कागद घ्यायचा. आधी नकाशा: एक नदी, एक डोंगर, जिथे जायला मनाई आहे अशी एक जागा. मग एकच जादू ठरवायची, दोन नाहीत, आणि तिला तीन अटी घालायच्या: ती कुणाला जमते, किती वेळ टिकते, आणि वापरणाऱ्याचं त्यात काय जातं. तिसरी अट मुलं टाळतात. "काहीच जात नाही, तो फार पॉवरफुल आहे" असं हमखास लिहितात. तिथे हटून बसा. मग ज्याला ही जादू सगळ्यात जास्त हवी आहे आणि ज्याला तिची तिसरी अट सगळ्यात जास्त महागात पडेल, असं एक पात्र. एवढं झालं की गोष्ट आपोआप सुरू होते. पहिल्या दिवशी दोन पानांहून जास्त लिहू देऊ नका, म्हणजे दुसऱ्या दिवशी काहीतरी उरतं.

तिसरी अट तपासायचं काम आजोबांकडे द्या. नातवाच्या जादूत पळवाट शोधायची आणि त्यानं ती बुजवायची, असा खेळ लावा. आठवड्यातून एक संध्याकाळ पुरे. धाकटीला नकाशा रंगवू द्या, पण मनाई असलेली जागा कुठे ते तिला आधी सांगू नका असं दादाला बजावून ठेवा.